मेंढीच्या उंड्यातला बिबा

बिबा खावा का, असं मला हल्ली सांगलीत बायका विचारतात. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाचा गुडघा. कुणीतरी सांगितलेलं असतं, बिबा घ्या, वात पळून जातो. मी विचारते, कुणी सांगितलं? आणि कसा घ्यायचा, तेही सांगितलं का? ते कुणालाच ठाऊक नसतं. मग माझं डोकं फिरतं आणि मी माझ्या आईची गोष्ट सांगायला बसते. समोरचा चहा गार झाला तरी मला त्याचं काही नसतं.

आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, उघड्या माळावर. आम्ही मेंढरंवाले. पावसाळाभर गावात राहायचं, घरापुरती बाजरी काढायची, आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मावळतीला निघायचं. साताऱ्याच्या खालनं मेढ्याकडं आणि तिथनं घाट उतरून कोकणात. गडी मेंढरं चारत चारत आडवाटेनं न्यायचे. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून सरळ वाटेनं पुढं जायच्या. नव्या तळावर बाई आधी पोचणार, कोकरं सोडणार, तीन दगड मांडून चूल करणार आणि मेंढरं येईतोवर भाकरी थापणार. बाईशिवाय तळ चालत नाही. एका तळावर दोन-चार दिवस मुक्काम, की पुन्हा चालणं. असं उन्हाळ्यापर्यंत.

आणि त्या साली नेमका आईचा गुडघा गेला.

लढाईचे दिवस होते. धाकटा चुलता पलटणीत गेलेला, घरात हात कमी. थोरली चुलती घर आणि रान सांभाळायला गावातच राहायची, त्यामुळं तळावरची बाई म्हणजे एकटी माझी आई. भर पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला. जात्यावर बसली की उठता येईना. मला हळूच हाक मारायची, मी काखेत हात घालून उठवायची. माझा बा दारात दिसला की मात्र अशी ताठ चालायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला काय धाड भरली आहे! मी तेव्हा तेराएक वर्षांची असेन. मला तिचं ते सोंग बघवत नव्हतं.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते घरातले कारभारी. त्यांची नजर मेंढीच्या पायावरनं फिरावी तशी माणसाच्या पायावरनं फिरायची. त्यांच्यापासनं काय लपणार? आमच्यात भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही, आणि दीरही तिच्याशी बोलत नाही. जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं, तिनं ऐकावं अशा बेतानं. आमच्या घरात ते मधलं माणूस मी होते. पण त्या दिवशी आबा बाशीच बोलत होते, आणि दार मुद्दाम उघडं ठेवलेलं होतं.

"यंदा हिला मागं ठेवाय लागंल," आबा म्हणाले. "पाय बघ तिचा. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं का बायकू? माझ्या सासुरवाडीला एक बाई हाय, नवरा वारलाय तिचा. चालाय वाघीण हाय. पाट लाव आन घिऊन ये. हिला काय आपण टाकून देत न्हाई. घरी ऱ्हाईल, दोन भाकरी खाईल."

बा खाली बघत सुतळी वळत बसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू! त्या काळात पाटाची दुसरी बायको आणणं कुणाला वावगं वाटायचं नाही. पण दुसरी आली की पहिलीचं काय होतं, ते गावात आम्ही डोळ्यांनी बघत होतो. ती मागच्या दारी जाते आणि तिथंच राहते.

आई चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकलं. भाकरी उलटली, हात झटकले आणि मला म्हणाली, "जा, सांग तुझ्या आबास्नी. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघंल, तवा घोड्याच्या म्होरं मी आसंन. कुणाला आणायची काय गरज न्हाई म्हणावं."

मी बाहेर जाऊन सांगितलं. वर माझ्या पदरचं घातलं, "आन पाटाची बाई आणलीसा तर मी तिच्या पिठात माती कालवीन."

आबा माझ्याकडं वळले. "हे तुझ्या आईनं सांगितलं का तू?"

"माती माझी हाय. बाकीचं आईचं."

"सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई," आबा बाला म्हणाले. "बघ बाबा. दिवाळीपतूर बघू."

म्हणजे दिवाळीपर्यंत मुदत मिळाली. आणि दिवाळी काही लांब नव्हती.

आता बिब्याचं सांगते. मेढ्याकडच्या रानात बिब्याची झाडं आहेत. दरवर्षी परतताना आम्ही तिथनं पिशवीभर बिबे आणायचो. काळं, टणक, हृदयाच्या आकाराचं फळ. त्याच्या पोटात जी बी असते ती गोडंबी. ती खुशाल खावी, बाळंतिणीच्या लाडवात घालावी, गोड लागते आणि अंगाला लागते. माझ्या बाळंतपणात मी वाटीवाटीनं खाल्ली आहे. पण त्याच फळाच्या टरफलात काळं तेल असतं, आणि ते म्हणजे नुसता विस्तव. अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतात, खाज सुटते. त्याला आमच्यात बिबा उतला म्हणतात. कुणाकुणाला तर झाडाखालनं गेलं तरी उततो. म्हणून गोडंबी काढणारी बाईसुद्धा हाताला राख फासून आणि जपून फोडते. एकाच फळात अमृत आणि जहर, एकाला एक चिकटून बसलेलं.

तरी माणसं ते तेल औषध म्हणून पोटात घेतात. घ्यायची रीत सगळ्या गावाला माहीत होती. आधी तोंडाला आतनं तूप फासायचं. बिब्याला दाभण टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायचा आणि जो थेंब गळेल तो दुधाच्या वाटीत पाडायचा. पहिल्या दिवशी एकच थेंब. मग बेताबेतानं वाढवायचं, तसंच उतरवायचं. तेवढे दिवस उन्हात जायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, मीठ-मिरची बंद, दूध-तूप-भात. कुणाला गुण यायचा, कुणाचं अंग उतायचं. ज्याचं उतलं त्यानं लगेच सोडायचं.

बघा, म्हणजे हे औषध खाटेवर सावलीत बसून दूध-भात खाणाऱ्याचं. आमच्याकडं सावली कुठली आणि भात तरी कुठला! आणि आईला थेंबाथेंबानं चढायला सवडही नव्हती.

पण तिची चूक उतावळेपणाची नव्हती, हे मी ठासून सांगते. तिची चूक आमच्या धंद्याची होती. आम्ही मेंढरांना बिबा द्यायचो. पावसात खूर सडले की गरम बिब्याचा डाग. आणि थंडीनं पाय आखडलेली मेंढी असेल, तर बाजरीच्या पिठाच्या उंड्यात गूळ घालून एक आख्खा बिबा चेचून चारायचा. एक-दोन दिवसात मेंढी कळपात चालायला लागायची. हे काम आईचं. वर्षानुवर्षं तिनं उघड्या हातानं बिबे चेचले होते. हात काळे पडले, कातडी चामड्यासारखी जाड झाली, पण कधी फोड आला नाही. त्यामुळं तिची खात्री होती, की बिबा आपल्याला ओळखतो.

"आवं, माझ्या हाताला कवा काय झालं न्हाई," ती चुलतीला म्हणाली होती, "तर पोटाला काय हुतंय? मेंढीला चालतंय, मी काय मेंढीपरास नाजूक हाय?"

चुलती म्हणाली, "बाई गं, मेंढीला चार पोटं असत्यात. तुला एक हाय." चुलती तोंडानं फटकळ, पण बोलली ते खोटं नव्हतं.

आईनं ऐकलं असं दाखवलं. आणि नवरात्र बसलं त्या दिवशी सकाळी, घर रिकामं बघून तिनं मेंढीचा उंडा केला. बाजरीचं पीठ, गूळ, आख्खा चेचलेला बिबा. ना तूप, ना दूध. खाल्ला, वर पाणी प्याली आणि रानात बाजरी खुडायला गेली, भर उन्हात!

दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर ती बांधावर बसलेली. मी आधी ओळखलंच नाही. ओठ सुजून पालथे झालेले, डोळ्यांच्या नुसत्या चिरा, मानेवर लालभडक चट्टे. तोंड उघडलं तर जीभ फोडांनी भरलेली. ती दोन्ही हातांनी अंग ओरबाडत होती आणि तशातही मला म्हणाली, "आबास्नी सांगू नगंस."

"काय खाल्लंस?"

तिनं बोटांनी उंड्याचा आकार केला. मला सगळं कळलं. आणि मी, देवाशप्पथ सांगते, आधी रडले नाही. आधी तिच्यावर ओरडले. "मेलीस तर कोण चालंल घोड्याच्या म्होरं? मी? का ती वाघीण?" मग रडले.

तिला पाठंगुळी घेऊन मी घरी आणली. निम्म्या वाटेत बा पळत आला आणि त्यानं तिला खांद्यावर घेतली. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. एवढी वर्षं न बोललेलं सगळं त्याच्या तोंडावर आलं होतं. गाडी जुंपून तिला वडूजच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पण बैल रानात होते, ते येईपर्यंत काय? चुलती ओरडली, "खोबरं आणा! बिब्यावर खोबरं! तीळ मी वाटती."

खोबरं कुठलं आणणार? आमच्या माळावर नारळाचं झाड औषधालासुद्धा नाही, आणि दुकानात तेव्हा लढाईमुळं काही धड मिळत नव्हतं. पण नवरात्राचा पहिला दिवस होता. मी तडक देवीच्या देवळात गेले. पुजाऱ्यापुढं फोडलेल्या नारळांच्या वाट्या परातीत मांडलेल्या होत्या. मी म्हटलं, माझी आई बिब्यानं उतली आहे, मला खोबरं द्या.

तो म्हणाला, "आगं, निवद व्हायचाय. आरती झाली की घे."

"आरतीपतूर माझी आई ऱ्हायाची न्हाई!" असं म्हणून मी परातच ओढली. ओच्यात वाट्या भरल्या आणि पळाले. मागनं बायका ओरडत होत्या, कुणीतरी शाप देत होतं. देवीला काय वाटलं असेल ते वाटो. तिला जर आई म्हणायचं असेल तर तिनं समजून घ्यावं, असं माझं तेव्हा म्हणणं होतं आणि आजही आहे.

खोबरं चावायला आईला तोंडच राहिलं नव्हतं. मी स्वतः चावून चावून त्याचं दूध तिच्या तोंडात पिळलं. चुलतीनं तीळ वाटून, दुधात कालवून अंगभर लिंपले. मग गाडीतनं वडूजला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवीचं विचारलं. लाल होत होती. ते बाला बाजूला घेऊन म्हणाले, "कातडीचं भरून येईल. पोटातल्या आतल्या अवयवांना किती लागलंय, ते चार दिवसांनी कळेल. पाणी पाजत राहा, मीठ देऊ नका, उन्हात नेऊ नका." परत येताना गाडीत बानं तिचा पाय मांडीवर घेतला होता, तो दुखरा.

नवरात्र सगळं तिनं अंथरुणात काढलं. कातडी सालपटासारखी निघाली, खाली नवी गुलाबी आली. लघवी निवळली तेव्हा चुलतीनं देवीला नारळ वाहिला, माझ्या दरोड्याची भरपाई म्हणून. आणि गंमत बघा. दसऱ्याला आई उठली तेव्हा गुडघ्याची सूज निम्मी उतरलेली होती. आता ती बिब्यानं उतरली, की जन्मात पहिल्यांदा अंथरुणाला पाठ लागली म्हणून उतरली? मला विचाराल तर अंथरुणानं. आई मरेपर्यंत म्हणायची, बिब्यानं. आमचा हा वाद मिटला नाही.

पण निम्मा गुडघा म्हणजे निम्मी चाल. आई विहिरीपर्यंत जायची आणि यायची, काठी टेकत. घोड्याच्या चालीनं चालणं तिला जमणार नव्हतं. आम्हा दोघींना ते कळत होतं आणि आबांनाही. ते पुन्हा सासुरवाडीचा विषय काढायला लागले.

दिवाळी आली. आमच्यात पाडव्याला मेंढरं पूजतात, रंगवतात, पळवतात. वर्षाचा सण तो. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड निघायचं होतं. पाडव्याच्या सकाळी मी अंगणात मेंढरांना गेरू लावत होते, तर आई बाहेर आली. डोक्यावर पिठाचं बोचकं, काखेत तवा.

"काठवट घे," ती मला म्हणाली. "आपुन निघायचं."

"आज? सणाचं?"

"घोड्यासंगं निघाले तर मी मागं पडंन. म्हणून घोड्याच्या आधी निघायचं. एक दिस आधी. त्येंनी एका दिसात चालायचं ते मी दोन दिसात चालंन. पोचल्याशी कारण." मग ती आबांच्या दाराकडं तोंड करून, पण मला उद्देशून, मोठ्यानं बोलली, "आबास्नी सांग, तळ औंधाच्या अलीकडं नेहमीच्या माळावर. भाकरी तयार आसंल."

आबा दारात होते. मी सांगायच्या आधीच म्हणाले, "सणाच्या दिशी बाई घराभाईर? हाय का न्हाई काय रीत? आन उद्या घोडी कोण हाकणार?"

तेव्हा बा उठला. त्यानं आपली काठी आईच्या हातात दिली. मेंढरांमागं चालणारा माणूस काठी कुणाला देत नाही. "घोडी मी हाकीन," तो म्हणाला.

"बायकांचं काम?"

"व्हय, बायकांचं काम." एवढंच. पण बाच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं भाषण होतं.

आम्ही निघालो. ती दहा पावलं चालायची, थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची, पुन्हा चालायची. मी म्हणायची, बस गं थोडं. ती म्हणायची, बसले तर उठायचं दुखणं वेगळं, त्यापरीस उभीच बरी. एका शेतकऱ्याच्या खोपीत आम्ही मुक्काम केला आणि तांबडं फुटायला पुन्हा वाटेला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना तो माळ दिसला. तिचं तोंड घामानं आणि धुळीनं माखलं होतं, नव्या गुलाबी कातडीला चटके बसत होते. मी तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकत होते आणि डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागत होते.

तीन दगड मांडले. चूल पेटली. बा घोडी घेऊन आला, तेव्हा वाटेत लोक त्याला हसल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण चालीत नव्हतं. दिवस मावळायला आबा मेंढरं घेऊन पोचले. भाकरीची चवड फडक्यात झाकलेली होती, लसणाचा ठेचा केलेला होता. आबा हात धुऊन बसले. दोन भाकरी खाल्ल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "विचार तुझ्या आईला, म्होरल्या तळाचं कसं?"

"सांग," आई म्हणाली, "परवा तुमी निघणार न्हवं? मी उद्या निघती."

सासुरवाडीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. त्या साली ती तशीच कोकणात उतरली आणि तशीच परत आली. प्रत्येक तळाला सगळ्यांच्या आधी निघणार, सगळ्यांच्या आधी पोचणार. पुढच्या सालीही तसंच.

काही वर्षांनी माझं लग्न झालं, सांगलीकडं दिलं मला. दिवाळीला माहेरी आले होते. आबा खांबाला टेकून बसलेले, दोन्ही गुडघे सुजलेले. बा समोर होता. आबा म्हणाले, "यंदा मी मागं ऱ्हातो. आता आपलं झालं." मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, विचार तुझ्या आईला, बिबा हाय का शिल्लक?"

मी उठायच्या आत आई बाहेर आली. हातात खोबऱ्याची वाटी होती. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती सरळ आबांच्या पुढं उभी राहिली. त्या घरात नांदायला आल्यापासनं ती त्यांच्याशी एक अक्षर थेट बोलली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "बिबा दीन मी. पर थेंबानं दीन, तुपावर, सावलीत बसवून, आन आधी हे खोबरं हाताशी ठिऊन. त्याला सवड पाहिजे, ते उन्हाळ्यात परत आल्याव. आत्ता मागं ऱ्हायाचं नाव काढू नगासा. मी उद्या निघती, सगळ्यांच्या आधी. चला माझ्यासंगं."

आबांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. तिचं बोलणं मी त्यांना पुन्हा सांगेन, असं त्यांना वाटलं असावं. मी तोंड मिटून बसले. मग त्यांनी खांबाला हात लावला आणि उठायला लागले.